बुवा, बाई, खाँसाहेब आणि 'पारंपरिक'

(कर्जतजवळील भिसेगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कर्जतहून पहाटेची लोकल सुटली की एखाद्या डब्यात टाळ वाजू लागतात. कोणी कारखान्यात जाणारा, कोणी पालिकेत, कोणी गोदीत. अंग हलवायला जागा नाही अशा गर्दीत ही मंडळी अभंग म्हणतात, गवळण म्हणतात, आणि शेवटी भैरवी आळवून आपापल्या स्टेशनावर उतरतात. कर्जत-खालापूरच्या गावागावांतून भजनी मंडळे आहेत, चांगले पखवाजी आहेत, चाली बसवणारे बुवा आहेत. यांच्या गाण्याची नोंद छापील कागदावर कोठे होते? झालीच तर बहुधा वृत्तपत्रातील प्रवाशांच्या तक्रारींच्या सदरात होते. संगीताला वाहिलेल्या मासिकात ती सापडणे कठीण.

आजचा विषय एवढाच आहे: संगीतविषयक नियतकालिके समाजातील निरनिराळ्या थरांना कोणत्या नावांनी हाक मारतात, आणि त्या हाकेचा माणसाच्या भाकरीशी काय संबंध असतो. कार्यकर्त्यांना हा विषय दूरचा वाटेल. पाणी, रोजगार, वनजमिनीचे दावे असे प्रश्न समोर असताना संगीताच्या मासिकांची चिकित्सा कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु प्रतिष्ठेची वाटणी आणि पैशाची वाटणी या दोन स्वतंत्र गोष्टी नव्हेत. पहिली आधी होते. दुसरी तिच्या मागोमाग, तिच्याच मापाने होते.

मासिक कोणासाठी निघते?

प्रथम या नियतकालिकांचे ऋण मान्य केले पाहिजे. पुण्यात १८७४ साली गायन समाज स्थापन झाला. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि 'संगीतामृतप्रवाह' हे मासिकही चालवले. हाथरसचे 'संगीत' हे हिंदी मासिक १९३५ पासूनचे. गांधर्व महाविद्यालय मंडळाचे 'संगीत कला विहार' १९४७ मध्ये सुरू झाले. संगीतावर चार शब्द गंभीरपणे लिहावेत ही सवय या मंडळींनी लावली. दरबारात आणि दिवाणखान्यात कोंडलेली विद्या त्यांनी शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्या घरात आणली. हे काम लोकशाहीच्याच दिशेचे होते, यात शंका नाही.

परंतु कोणतेही मासिक ज्याच्या वर्गणीवर चालते त्याच्यासाठी लिहिले जाते. संगीताच्या मासिकाचा मुख्य ग्राहक म्हणजे संगीताच्या परीक्षांना बसणारा विद्यार्थी आणि त्याला शिकवणारा वर्गचालक. प्रारंभिक ते अलंकार अशी परीक्षांची उतरंड; तिच्या अभ्यासक्रमात रागांची माहिती, तालांची माहिती आणि थोर संगीतकारांची अल्पचरित्रे. अल्पचरित्राला मर्यादा असतात. दोन पानांत माणूस मावत नाही. त्याचा एखादा किस्सा मावतो, एखादी लकब मावते. तोच किस्सा पुढच्या लेखात येतो, त्याच्या पुढच्या लेखात पुन्हा येतो, आणि पाहता पाहता एका माणसाची लकब साऱ्या जमातीचा स्वभाव होऊन बसते. येथे कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. साचा हा बहुतेक वेळा द्वेषातून निर्माण होत नाही. सोयीतून निर्माण होतो, आणि म्हणूनच तो अधिक टिकतो.

विद्या लपवणारा खाँसाहेब

या साच्यांत सर्वांत जुना साचा निरक्षर, लहरी आणि विद्या लपवणाऱ्या उस्तादाचा. गळा दैवी, पण अक्षरशत्रू. चीज शिकवील तर अर्धी शिकवील, अंतरा चोरून ठेवील. पंडित भातखंडे यांच्यासारख्या विद्वानाच्या लेखनातही उस्तादांच्या अज्ञानाविषयीची चीड ठिकठिकाणी आढळते. आणि त्याच भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग उघडून पाहावेत: त्यांतील शेकडो बंदिशी आल्या कोठून? जयपूरच्या मनरंग घराण्यातील महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र, रामपूर दरबारचे कलावंत, अशा घरांतूनच त्या आल्या. स्वतः भातखंड्यांनी ते ऋण नाकारलेले नाही. पुढील काळाच्या अल्पचरित्रांतून मात्र देणारा मागे पडला आणि संग्राहक पुढे आला. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर कच्चा माल एकाचा, आणि त्यावरील शिक्का दुसऱ्याचा.

विद्या लपवण्याच्या आरोपाचेही एकदा अर्थशास्त्र मांडून पाहिले पाहिजे. ज्या कुटुंबाकडे जमीन नाही, दुकान नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, त्याचे भांडवल म्हणजे दोनशे-तीनशे चिजा. संस्थानिकाची मर्जी फिरली तर त्याच भांडवलावर दुसऱ्या गावी संसार मांडायचा. १९४७ नंतर संस्थाने विलीन झाली आणि दरबारी पगार थांबले, तेव्हा हा धोका काल्पनिक नव्हता हे सिद्धच झाले. कारखानदार आपली कृती नोंदणी करून राखतो त्याला आपण पेटंट म्हणतो. गवई आपली चीज गळ्यात राखतो त्याला कंजूषपणा म्हणतो. हा न्याय कोणता?

शिवाय वस्तुस्थिती साच्यात बसत नाही. अब्दुल करीम खाँ यांनी १९१० साली बेळगावात आर्य संगीत विद्यालय काढले, पुढे पुण्यात चालवले. शिष्यांना घरात ठेवून, जेवूखाऊ घालून शिकवले. अल्लादिया खाँ कोल्हापूरला शाहू छत्रपतींच्या पदरी राहिले आणि मराठी मुलखाला त्यांनी भास्करबुवा बखले, केसरबाई, मोगूबाई यांच्यासारखे शिष्य दिले. विद्या लपवणाऱ्याचा वारसा असा पसरत नाही. 'संगीत कला विहार'मध्येच बा. र. देवधरांनी लिहिलेली व्यक्तिचित्रे वाचावीत. मुंबईत फकिरासारख्या राहणाऱ्या सिंदे खाँपासून बडे गुलाम अलींपर्यंत अनेक गवई त्यांत माणूस म्हणून भेटतात, कारण लेखक त्यांच्याजवळ बसला होता. तात्पर्य, मासिकाला साच्याबाहेर जाता येत होते. जो जवळ जाऊन बसला तो गेलाही. ज्यांनी दुरून लिहिले त्यांनी साचाच उतरवून काढला.

घरंदाज गायकी, बिनघराची बाई

दुसरा साचा स्त्रीचा. मराठी संगीतलेखनात पुरुषाला 'बुवा' म्हणत, 'खाँसाहेब' म्हणत. स्त्रीला 'बाई' म्हणत. मराठी घरांत आणि शाळांत बाई हा आदराचा शब्द आहे हे खरे. पण गाण्याच्या संदर्भात तो आदराबरोबर एक इतिहासही सुचवतो. गंगूबाई हनगल यांनी हे स्वच्छ बोलून दाखवले होते: मुसलमान पुरुष गवई उस्ताद होतो, हिंदू पुरुष गवई पंडित होतो, केसरबाई आणि मोगूबाई मात्र बाईच राहतात. हे बोलणारी स्त्री कोण होती? १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर स्वागताचे गीत गाणारी मुलगी. आणि गाणे झाल्यावर आपल्याला उष्ट्या पत्रावळी उचलायला तर लावणार नाहीत ना, या धास्तीत उभी असलेली मुलगी. तिच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर तिचे स्वतःचे नावही नव्हते. 'गांधारी' असे छापलेले होते.

मराठीत 'घरंदाज गायकी' असा सुंदर शब्दप्रयोग आहे. ही गायकी राखली कोणी? गोव्याच्या देवळांशी बांधलेल्या कलावंत कुळांतल्या स्त्रियांनी त्यातला मोठा वाटा उचलला. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मालप्याच्या अंजनीबाई. यांपैकी अंजनीबाई मालपेकर १९५८ साली संगीत नाटक अकादमीच्या फेलोशिपचा मान मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. गायकी घरंदाज, ती सांभाळणारी स्त्री मात्र समाजाच्या लेखी घरंदाज नव्हे! हा विरोध मासिकांनी सोडवला तो एका विशेषणाने. ते विशेषण म्हणजे 'सोज्वळ'. हिराबाई बडोदेकरांविषयी लिहिताना हा शब्द किती लेखण्यांतून उतरला असेल याची गणती नाही. हिराबाईंचे कर्तृत्व थोर होते: तिकीट लावून, खुल्या रंगमंचावर बसून स्त्रीने ख्याल गाण्याची वाट त्यांनी मोकळी केली. त्या अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या कन्या. ताराबाईंनी १९२२ मध्ये वेगळे होऊन पाच मुलांचा संसार एकटीने उभा केला, त्यांना माने आडनाव आणि नवी नावे दिली. बापाच्या नावाने मिळेल तो मान आणि त्याच नावाने बसेल तो शिक्का, या दोहोंचा हिशेब त्या माऊलीने पुरता ओळखला होता. त्या हिशेबावर लिहिण्याजोगे पुष्कळ होते. परंतु 'सोज्वळ' म्हटले की चौकशी संपते. आणि एका गायिकेला सोज्वळ म्हणताना उरलेल्या सर्व काय होत्या, हे न लिहिताच लिहिले जाते.

लावणी गाणारीच्या वाट्याला सोज्वळपणाही आला नाही. तिच्यासाठी दोनच चित्रे: एक मोहिनीचे, दुसरे करुणेचे. विठाबाई नारायणगावकरांवर लेख आला की त्या खेळ चालू असतानाच पडद्यामागे बाळंत झाल्या ही हकिकत आलीच पाहिजे. हकिकत अंगावर काटा आणणारी आहे. पण तिच्या आडून विठाबाईंचा आवाज कसा होता, लय कशी होती, भाऊ-बापू मांग यांच्या फडात ती तालीम कशी मिळाली, हे विचारायचे राहून जाते. दुःखाचे कौतुक झाले, कलेचे मूल्यमापन झाले नाही. २००२ मध्ये विठाबाई वारल्या त्या आर्थिक विवंचनेतच. पुढे शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

'पारंपरिक' म्हणजे कोणाचे?

तिसरा साचा सर्वांत निरुपद्रवी दिसतो आणि सर्वांत जास्त लूट त्यातच आहे. तो म्हणजे 'पारंपरिक' हा शब्द.

महानुभाव पंथातील महदंबेचे धवळे आपण अभ्यासक्रमात वाचतो. तिला आद्य मराठी कवयित्री म्हणतो, आणि ते योग्यच आहे. याच रायगड जिल्ह्यात आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते. लग्नाचे एकेक विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतात. काही ठिकाणी तर पुरोहिताचे काम तीच करते. शेकडो ओळी तिला मुखोद्गत असतात आणि प्रसंग पाहून ती नव्या ओळी जोडते. तेराव्या शतकातील धवळेकर्तीला नाव आहे. आजच्या धवलारणीला मासिकाच्या पानात नाव नाही. तिचे गाणे 'आगरी लोकगीत' होते. ठाकूरवाडीतला ढोल वाजवणारा, कातकरी वाडीतला गाणारा, यांची छायाचित्रे अंकाची शोभा वाढवतात. छायाचित्राखाली मजकूर असतो, 'नृत्यात दंग आदिवासी'. छायाचित्र काढणाऱ्याचे नाव मात्र कोपऱ्यात छापलेले असते.

जणू समाजाच्या वरच्या थरात व्यक्ती राहतात आणि खालच्या थरात नुसत्या जमाती राहतात! ख्यालाची बंदिश कोणाची, यावर दहा पानांचा वाद होईल. धवल्याची ओळ कोणाची, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. ठाकूर आनंदी, कोळी रांगडा, आगरी हळदीत नाचणारा, एवढ्या भांडवलावर तबकड्या निघाल्या, कॅसेटी निघाल्या, आता मोबाइलवर गाणी निघतात. गीतकाराचे नाव असते, संगीतकाराचे असते, कंपनीचे असते. मूळ चाल मात्र 'पारंपरिक'. कायद्याच्या भाषेत याचा अर्थ काय होतो? १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने कर्त्याला हक्क दिला, १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही दिला, २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या मानधनाचा हक्क पक्का केला. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण जेथे कर्ताच नाही तेथे हक्क कोणाचा? 'पारंपरिक' हे वर्णन नव्हे; ती बेवारस मालाची पावती आहे.

या यादीत वाद्य घडवणाऱ्याचाही समावेश केला पाहिजे. मिरजेला शिकलगार कुटुंबांनी शस्त्रांना धार लावण्याचा धंदा मागे पडल्यावर सतार-तंबोऱ्यांची कारागिरी हाती घेतली. पंढरपूरकडचा भोपळा आणावा, वाळवावा, कोरावा, आणि शेवटी घोडीवर जवारी काढावी तेव्हा तंबोरा बोलू लागतो. जवारी काढणाऱ्याचा कान हा गवयाच्या कानाइतकाच तयार असावा लागतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ही चांगली गोष्ट झाली. तरी संगीताच्या लेखनात या कारागिराची जागा मजकुरात क्वचित, जाहिरातीत अधिक.

शब्दाचा हिशेब रुपयांत

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ही नावे नुसती कागदावर राहिली असती तर तक्रार सौम्य असती. तसे झाले नाही. १९४६ साली हंगामी सरकारात नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे असताना, ज्यांचे खासगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशांना आकाशवाणीवर स्थान देऊ नये असे धोरण आले. त्याचा फटका बसला तो गाणाऱ्या कुळांतील स्त्रियांना. त्या काळी आकाशवाणी हाच कलावंताचा नवा दरबार होता. तेथे दार बंद म्हणजे चूल बंद. पुढे १९५२ ते १९६२ या काळात बा. वि. केसकर मंत्री असताना श्रवणचाचणी आणि श्रेणी यांची पद्धत रूढ झाली. श्रेणीवर बिदागी ठरली. चाचणीत विचारले जाई ते मासिकांतून आणि वर्गांतून घडलेले शास्त्र. ज्याला राग गाता येत होता पण रागाचे लक्षण सांगता येत नव्हते, त्याचा कस अशा मोजपट्टीवर कसा लागावा?

आजचे उदाहरण तर आपल्या अंगणातले आहे. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना महाराष्ट्र शासन मानधन देते. २०२४ पासून ते दरमहा सरसकट ५००० रुपये झाले. त्यापूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशी प्रतवारी होती, आणि धवलारीण स्थानिकच्या वर कधी गेली नसती. ही प्रतवारी गेली हे उत्तम झाले. पण अर्जाला पुरावे लागतात: प्रमाणपत्रे, छायाचित्रे, वृत्तपत्रांतील व मासिकांतील कात्रणे. सत्तर वर्षांची धवलारीण कात्रण कोठून आणणार? तिने चारशे लग्ने लावली असतील, पण लग्नपत्रिकेवर तिचे नाव कोणी छापले? छापील कागदाने एकदा तिला 'पारंपरिक' म्हणून बाजूला केले. आता दुसरा कागद तिला म्हणतो, तुझा छापील पुरावा दाखव. मासिकातील नाव म्हणजे केवळ मान नव्हे, ते दरमहा ५००० रुपयांचे कात्रण आहे.

आपल्या घरातील झाडलोट

दोष केवळ मासिकवाल्यांचा, असे म्हणून सुटका करून घेणे आपल्याला शोभणार नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने आणि लाल बावटा कलापथकाने तमाशाचा बाज घेतला, वगाची रचना घेतली, ढोलकीचा ठेका घेतला. त्यातून अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्यासारखे शाहीर आणि निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे नट महाराष्ट्राला मिळाले. पण हा बाज ज्या मांग, महार, कोल्हाटी घरांतून आला त्या घरांची नोंद आपल्या स्मरणिकांत किती ठेवली गेली? सभेच्या आधी वातावरणनिर्मितीसाठी वाडीवरचे ढोल बोलवायचे, पाहुणे आले की ढोल थांबवायचे, आणि वृत्तांतात 'आदिवासी बांधवांनी पारंपरिक वाद्यांच्या गजरात स्वागत केले' असे लिहायचे, हे आपल्याच वृत्तांतांत चालत आले आहे. पाहुण्याचे नाव पदव्यांसह छापले जाते. ढोल वाजवणाऱ्याचे नाव विचारलेही जात नाही. हा साचा आपल्याच लेखणीतला आहे.

यावर उपाय मोठा नाही, खर्चाचा तर मुळीच नाही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत प्रत्येक शाखेने एक वही करावी. गावातील धवलारणी, पखवाजी, भजनी बुवा, ढोलकरी, सनईवाले यांची नावे, वय, कोणाकडून शिकले, किती वर्षे गात-वाजवत आहेत, हे त्यांच्या तोंडून ऐकून लिहावे. दुरून लिहू नये. त्यांच्या संमतीने गाणे ध्वनिमुद्रित करावे, आणि मुद्रणावर 'पारंपरिक' या शब्दाऐवजी गाणारीचे नाव, गाव आणि तिला शिकवणारीचे नाव घालावे. आपल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत साथीदारांची नावे वक्त्यांच्याच टायपात छापावीत, आणि बिदागी पाकिटात नव्हे तर पावतीवर द्यावी, म्हणजे ती पावती पुढे पुरावा होईल. मानधनाचे अर्ज भरून देण्यासाठी महिन्यातून एक दिवस ठेवावा. आणि ग्रामसभेचा ठराव हाही कलेचा पुरावा मानला जावा, अशी मागणी जिल्ह्याच्या निवड समितीपुढे आणि शासनापुढे लावून धरावी. संगीताच्या मासिकांनाही या नोंदी लेख म्हणून पाठवाव्यात. ती छापणार नाहीत असे आधीच धरून चालणे हाही एक साचाच होईल.

या भागातील माणसाला नावाचे महत्त्व कोणी शिकवायला नको. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवालांबरोबर हिराजी पाटील धारातीर्थी पडले. वकिलाचे नाव ठेवावे आणि दुसऱ्याला 'एक साथीदार' म्हणावे, असे येथील लोकांनी केले नाही. गेली ऐंशी वर्षे ते दोन्ही नावे एका श्वासात घेत आले आहेत. गाण्याच्या बाबतीतही एवढेच करायचे आहे. पहाटेच्या लोकलमध्ये भैरवी म्हणणाऱ्याला, मांडवात धवले गाणाऱ्या आजीला, वाडीवर ढोल वाजवणाऱ्याला प्रथम नाव विचारायचे आणि ते लिहून ठेवायचे. वहीचे पहिले पान भिसेगावातच लिहिले जावे.